प्रिन्स रद्द झाला म्हणून हळहळताय, पण २०२० ला काय काय बोलला होता?

तापीकाठचा | २६ जानेवारी २०२६, सकाळी १०:४०

काल बामणोदच्या पुढे एका मित्राच्या मळ्यात भरीत पार्टी होती. जानेवारीतला रविवार, आमच्याकडे दुसरं काय असणार? कपाशीच्या काड्यांवर वांगी टाकलेली, एक जण बडगीत मिरची-लसूण ठेचतोय, कळण्याच्या पुऱ्या तळून तयार. आम्ही सहा-सात जण, सगळे २००४ ते २००८ या काळात जळगावच्या एकाच सायबर कॅफेत पडीक असलेले. आता कोणी खताच्या दुकानात, कोणी झेडपीत, कोणी बँकेत.

विषय निघाला बुधवारच्या बातमीचा. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : सँड्स ऑफ टाइम' या २००३ च्या व्हिडिओ गेमचा रिमेक, म्हणजे तोच गेम नव्याने बनवण्याचं काम, युबिसॉफ्ट कंपनीने रद्द केलं. एकदम सहा गेम्स बंद केले, त्यातला हा एक. आमच्यातला एक जण (नाव नको, तो हे वाचतोय) खरोखर गप्प झाला. मग म्हणाला, "आपलं लहानपण रद्द केलं रे यांनी." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

माझा मामेभाऊ पुण्याहून जोडून सुट्टी घेऊन आला होता. वांग्याचं साल काढता काढता तो एवढंच म्हणाला, "दादा, सप्टेंबर २०२० मधलं तुमचं फेसबुक उघडा बरं."

उघडलं. आणि पुढची पुरी घशाखाली उतरेना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : या रिमेकचा पहिला ट्रेलर १० सप्टेंबर २०२० ला आला. काम चाललं होतं पुण्यात आणि मुंबईत. एवढ्या मोठ्या नावाचा गेम आपल्याकडचे स्टुडिओ मुख्य म्हणून करतायत, हे पहिल्यांदाच होत होतं. तारीख दिली होती २१ जानेवारी २०२१. ट्रेलर बघून जगभर बोंब झाली : चेहरे प्लास्टिकचे, उजेड सपाट, हा तर प्लेस्टेशन टूचा गेम वाटतो. तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत. मे २०२२ मध्ये काम माँट्रियलला गेलं. २०२४ मध्ये सांगितलं की २०२६ ला येतोय. आणि २०२६ च्या २१ जानेवारीला रद्द. पहिली तारीख होती त्याच दिवशी, बरोब्बर पाच वर्षांनी. योगायोग असेल, पण खुपला.

तर माझं फेसबुक. मी प्रिन्सच्या चेहऱ्याशेजारी रोज संध्याकाळी लागणाऱ्या मालिकेतल्या जावयाचा चेहरा लावला होता आणि खाली लिहिलं होतं, "पुण्यात बनवलाय. दुपारी १ ते ४ ग्राफिक्स बंद राहतील."

खोटं कशाला बोलू, काल वाचून पुन्हा हसू आलं. विनोद म्हणून वाईट नाही. पण त्याच्याखाली आमच्याच टोळीने जे लिहिलंय ना, "आपल्या लोकांना हे जमणारच नाही", "यांना कॉल सेंटरच द्या", "इंडियन डेव्हलपर म्हणजे कॉपी-पेस्ट", आणि त्यावर मी टाकलेले हसरे चेहरे... काल लहानपण रद्द झालं म्हणणाऱ्याने तेव्हा लिहिलं होतं, "हा गेम निघालाच नाही तर बरं."

निघाला नाही. बरं झालं का?

टीका करूच नये असं माझं म्हणणं नाही. ट्रेलर खरंच फिका होता. मला एवढंच कळत नाहीये की गेम्सच्या ज्या मालिकेवर आपण वीस-पंचवीस वर्षं जीव टाकतो तिच्याबद्दल आपल्या तोंडून कायम शिवीच का निघते. तुमचं काय मत?

---

गिरणेचं_पाणी (चाळीसगाव) | २६ जानेवारी, सकाळी ११:२५

भरीत जास्त झालं का काल? अपराधगंड दिसतोय नुसता.

गेम रद्द झाला तो तुमच्या मीममुळे नाही. कंपनी तोट्यात आहे, सगळी रचना बदलतेय, स्टुडिओ बंद करतेय, त्यात हा गेला. जळगावातल्या आठ टाळक्यांनी फेसबुकवर काय लिहिलं याचा त्या हिशोबाशी काडीचा संबंध नाही. उलट मी म्हणतो, ट्रेलर दाखवून चार महिन्यांत गेम बाजारात आणतो म्हणणारा कोण होता? टेबलावर बसलेल्या साहेबांनी तारीख ठरवली, काम करणाऱ्यांच्या गळ्यात बांधली. लोकांनी तेव्हा आरडाओरडा केला नसता तर तोच कच्चा माल पूर्ण किमतीला विकला असता.

आणि हे 'फॅन फार विखारी झालेत' प्रकरण कंपन्यांना फार सोयीचं आहे हं. गेम फसला की बोट ग्राहकाकडे.

---

डहाका_मागे_लागला (जळगाव) | २६ जानेवारी, दुपारी १२:०५

तो 'निघालाच नाही तर बरं' वाला मीच. नाव नको म्हणतो आणि अख्खी कुंडली मांडतो, वा रे मित्रा.

माझी बाजू ऐका. मी 'वॉरिअर विदिन'चा, म्हणजे २००४ मध्ये आलेल्या पुढच्या भागाचा माणूस. २००५ ची गोष्ट, कॅफेत तासाला पंधरा रुपये, आणि त्या काळचं लोडशेडिंग. या गेममध्ये सेव्ह करायचं तर पाण्याचा झरा गाठावा लागतो. मागे डहाका नावाचा राक्षस लागलाय, पडदा करडा झालाय, गिटार वाजतंय, झरा दोन उड्यांवर, आणि फट्ट! लाईट गेली. कॅफेवाल्याचा इन्व्हर्टर फक्त त्याच्या स्वतःच्या काउंटरपुरता. प्रिन्सला वेळ मागे फिरवता येत होती, आम्हाला नाही. पुन्हा पंधरा रुपये.

पूर्ण गेम संपवायला मला आणि याला (धागाकर्ते) दीड महिना लागला. आणि संपवल्यावर कळलं की हा खरा शेवटच नाही! नऊ ठिकाणी लपवलेले लाइफ अपग्रेड सगळे घेतले तरच पाण्याची तलवार मिळते आणि तरच शेवटी डहाकाशी लढता येतं. आमच्या कॅफेत हे कोणालाच माहीत नव्हतं. अख्ख्या बॅचने चुकीचा शेवट बघितला आणि तोच खरा समजून कॉलेज संपवलं.

तर इतका जीव लावल्यावर माणूस बोलणारच. ज्याला फरक पडत नाही तो शिव्या देत नाही, तो दुसरा गेम लावतो. मला राग आला कारण मला हवा होता. एवढंच.

---

साक्रीना_भाऊ | २६ जानेवारी, दुपारी १२:१८

मन्हा कॉम्प्युटरवर २००३ ना गेम आजबी चालस. नवा कसाले पाहिजे भो? जुना शे ना.

---

लोकोशेड (भुसावळ) | २६ जानेवारी, दुपारी १:५०

वय ६३. या धाग्यावर बहुतेक सगळ्यात जुना फॅन मीच असेन, म्हणून चार ओळी जास्त लिहितो. चालवून घ्या.

तुमचा प्रिन्स २००३ ला सुरू होतो. आमचा १९८९ ला. जॉर्डन मेकनर नावाच्या पोराने ॲपल टूवर तो जवळपास एकट्याने बनवला. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला, कठड्याला लोंबकळायला लावलं, त्याचा व्हिडिओ घेतला आणि एकेक चित्र त्यावरून उतरवलं. तलवारबाजीची ढब १९३८ च्या रॉबिन हूडवरच्या सिनेमातून घेतली. आम्ही तो खेळलो १९९२ च्या सुमारास, भुसावळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये, काळ्या-पांढऱ्या मॉनिटरवर. साठ मिनिटं, बारा लेव्हल्स. साठ मिनिटांत राजकन्येपर्यंत पोचला नाहीत तर संपलं. ड्यूटीवरून परस्पर क्लासला जायचो. घरी सांगायचो, 'टाइपिंग चालू आहे.'

त्यातली एक गोष्ट मला आजही आवडते. मेकनरच्या मशीनमध्ये मेमरीच उरली नव्हती, नवा शत्रू काढायला जागा नाही. मग त्याने राजपुत्राचंच चित्र थोडं सरकवून, रंग उलटेपालटे करून त्याची सावली केली. चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारली की ती बाहेर पडते आणि मग गेमभर तुमचे खेळ करत राहते. तंगीतून निघालेली युक्ती, पण गेमची ओळख तीच झाली.

आता मुद्दा. २००३ ला माझ्या मुलाने घरी 'सँड्स ऑफ टाइम' लावला. मी मागे उभा राहून बघितलं. कट्यार दाबली की वेळ मागे जाते, मेलेला माणूस परत उभा. मी म्हणालो, "हा काय खेळ आहे? मरायची भीतीच नाही तर खेळायचं कशाला? आमच्या वेळी..." वगैरे वगैरे. अर्धा तास बोललो असेन. मुलगा काही बोलला नाही. पण त्यानंतर मी घरात असलो की तो गेम लावायचाच नाही. मला वाटलं, आवड गेली असेल. तो मित्राकडे जाऊन खेळत होता हे मला त्याच्या लग्नात कळलं.

---

डहाका_मागे_लागला | २६ जानेवारी, दुपारी २:१५

काका, मानलं तुम्हाला. पण 'मरायची भीती नाही' हे २००३ बद्दल बरोबर नाही हो. वाळू संपली की वेळ फिरवता येत नव्हती, जपून वापरावी लागायची. खरा सत्यानाश २००८ च्या प्रिन्समध्ये झाला. त्यातली ती सोबतीण एलिका प्रत्येक वेळी हात धरून वर ओढते, काही केल्या मरताच येत नाही. त्याला गेम म्हणायचा?

---

गिरणेचं_पाणी | २६ जानेवारी, दुपारी २:२०

हहपुवा! काकांनी २००३ ला म्हटलेलं वाक्य तू जसंच्या तसं २००८ साठी म्हणालास, अर्ध्या तासाच्या आत, त्यांच्याच प्रतिसादाखाली.

---

डहाका_मागे_लागला | २६ जानेवारी, दुपारी २:३१

...

बरं, पकडला गेलो. पण वाळू मर्यादित होती हा मुद्दा मी सोडणार नाही.

---

तापीकाठचा | २६ जानेवारी, दुपारी ३:००

याच्यात अजून एक गंमत घाल. तुझ्या लाडक्या 'वॉरिअर विदिन'ला २००४ मध्ये काय ऐकून घ्यावं लागलं होतं, आठवतंय? २००३ चा गेम समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण सुरुवातीला विक्री मनासारखी झाली नाही. म्हणून पुढच्याला रक्त, हेवी मेटल, रागीट चेहरा. २००३ वाल्यांनी तेव्हा गळा काढला होता की आमचा हसरा, बोलका राजपुत्र मारून टाकला. खुद्द मेकनरनेही जाहीरपणे सांगितलं होतं की ही हिंसा आणि ही शैली आपल्याला रुचली नाही. २००५ ला 'टू थ्रोन्स'मध्ये मग जुना आवाज परत आणला.

म्हणजे ज्या गेमसाठी आपण पंधरा-पंधरा रुपये घातले तो तेव्हाच्या जुन्या फॅनच्या लेखी बाटलेला होता. आपल्याला कळलंच नाही, कारण आपल्याकडे ब्रॉडबँड नव्हतं.

---

सातपुड्याखालचा (नंदुरबार) | २६ जानेवारी, संध्याकाळी ५:४५

ब्रॉडबँडवरून आठवलं. मी मराठीत गेमिंगचं छोटं चॅनेल चालवतो. आतली गोष्ट सांगतो, मग मला जोडे मारा.

'हा गेम का आवडला' असा व्हिडिओ केला की माझे मित्र आणि माझी आत्या बघते. आत्याला गेममधलं काही कळत नाही, पण बघते. तोच गेम 'संपला!' असं लाल अक्षरात लिहून, माझा डोक्याला हात लावलेला फोटो टाकून केला की आकडा कितीतरी पटीने वर. जून २०२३ मध्ये 'लॉस्ट क्राउन' या नव्या प्रिन्सचा ट्रेलर आला, त्यात ते हिपहॉप गाणं होतं, लोक भडकले होते. मी त्याच रात्री 'प्रिन्सची वाट लावली' टाकला. गेम यायला सात महिने होते. मी काय खेळलो होतो? काहीच नाही. गाणं ऐकलं होतं, तेही अर्धं.

जानेवारी २०२४ ला गेम आला, जगभरच्या समीक्षकांनी वाखाणला. मग मी 'मी चुकलो' असा व्हिडिओ केला. आत्याने बघितला.

लाखोंची कमाई करतो असं समजू नका, मोबाईलचा रिचार्ज निघतो. पण रिचार्जसुद्धा शिव्यांनीच निघतो, ही वस्तुस्थिती.

---

केळीचं_पान (फैजपूर) | २६ जानेवारी, रात्री ८:१०

मी इथे फक्त वाचत असते. आज खाते काढलं.

वय १९, इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष. माझा पहिला प्रिन्स 'लॉस्ट क्राउन'च. होय, तोच वाट लावलेला.

माझा लॅपटॉप साधा आहे, मोठे गेम उघडतसुद्धा नाहीत, हा छान चालला. त्यात नायक राजपुत्र नाहीच. सरगोन नावाचा योद्धा आहे, सात 'अमर' योद्ध्यांपैकी एक, आणि पळवून नेलेल्या राजपुत्राला सोडवायला तो काफ पर्वतावर जातो. तिथे वेळच बिघडलेली आहे. सीमुर्ग पक्ष्याच्या पिसांतून एकेक शक्ती मिळते. आवाज फारसीत लावता येतात, या मालिकेत पहिल्यांदा. मी फारसीतच खेळले. 'जान', 'जंग' असे आपल्या कानावरचे शब्द मध्येच येतात तेव्हा दचकायला होतं. आणि एक सोय मला फार आवडली : एखादी जागा आत्ता ओलांडता येत नसेल तर तिचा फोटो काढून नकाशावर टाचून ठेवायचा. नवी शक्ती मिळाली की फोटो बघून परत यायचं. मी अभ्यासाच्या वहीत पण आता असंच करते, न कळलेल्या गणिताशेजारी खूण.

तर मला एका ठिकाणी वाट सापडेना. एका मोठ्या ग्रुपवर विचारलं. मराठीच ग्रुप. नाव नको. उत्तरं आली ती अशी : 'हा प्रिन्सच नाही.' 'पहिले खरे गेम खेळून ये.' 'वॉरिअर विदिन तुला झेपणार नाही.' एकाने विचारलं, खरंच मुलगी आहेस की भावाच्या खात्यावरून बोलतेस. वाट कोणीच सांगितली नाही. मी ग्रुप सोडला. वाट दोन दिवसांनी माझी मलाच सापडली.

नंतर, ऑक्टोबर २०२४ मध्ये, वाचलं की तो गेम करणाऱ्या लोकांची टीम मोडून सगळ्यांना वेगवेगळ्या कामांवर पाठवलं. चांगला गेम केला तरी. तेव्हा मी त्या ग्रुपवर नव्हते, त्यामुळे तिथे कोणी हळहळलं का ते माहीत नाही.

---

डहाका_मागे_लागला | २६ जानेवारी, रात्री ८:४०

ताई, तो ग्रुप कोणता ते मला अंदाजाने कळलं. 'झेपणार नाही' मी लिहिलं नव्हतं. पण त्यावर लाईक माझा असू शकतो. आत्ता शोधत नाही, भीती वाटते.

---

खतं_बियाणं (यावल) | २६ जानेवारी, रात्री ९:२०

सगळे भावुक झालेत म्हणून एक कडू गोष्ट. 'आम्ही इतकी वर्षं जीव लावला, आमचा हक्क' वगैरे. बरं. या धाग्यावरच्यांपैकी किती जणांनी २००३, २००४, २००५ चे गेम विकत घेतले होते? मी स्वतः सांगतो : एकही नाही. मार्केटमधून पन्नास रुपयांची सीडी, वर स्केचपेनने 'प्रिन्स २' लिहिलेलं. कॅफेतल्या आठही मशीनवर तीच एक सीडी.

दुकानात एखादा शेतकरी बियाणं उगवलं नाही म्हणून ओरडला तर मी ऐकून घेतो, त्याने पैसे मोजलेत. शेजारच्याचं बियाणं फुकट नेणारा ओरडला तर?

---

गिरणेचं_पाणी | २६ जानेवारी, रात्री ९:३३

पंधरा वर्षांच्या पोराकडे मूळ डीव्हीडीचे पैसे कुठून येणार होते? तेव्हा आपल्या गावात मूळ प्रत मिळत तरी होती का? मी आता कमावतो तर विकत घेतो. 'लॉस्ट क्राउन' पूर्ण किमतीला घेतला, आवडला, सगळीकडे तसं लिहिलं. ते कोणी वाचलं नाही, सातपुड्याखालच्यांची आत्या सोडून.

आणि फुकट खेळलेल्याला मत नसतं हे मला मान्य नाही. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकावर बोलायचं नाही का?

---

खतं_बियाणं | २६ जानेवारी, रात्री ९:४१

वाचनालय वर्गणी घेतं आणि पुस्तक विकत आणतं. पण ठीक, बोला. फक्त मालकाच्या आवाजात बोलू नका.

---

कोथरूडचा_खान्देशी (पुणे) | २७ जानेवारी, रात्री १२:५०

धाग्यात ज्याचा उल्लेख आहे तो मामेभाऊ मी. बसने परत निघालोय, झोप येत नाहीये.

आधी स्पष्ट करतो, मी त्या गेमवर नव्हतो आणि त्या कंपनीतही नाही. मी मोबाईलवरचे गेम तपासतो. माझं काम असं असतं : सकाळी नवा बिल्ड, म्हणजे गेमची ताजी कच्ची प्रत येते. त्यात एक दार आहे. ते दार मी दोनशे वेळा उघडतो. पळत येऊन उघडतो, उडी मारून, मागून शत्रू असताना, फोन आल्यावर, चार्जिंग दोन टक्के असताना. एकशे सत्तराव्या वेळी नायक दारात अडकतो. मग मी लिहितो, कुठून आलो, काय दाबलं, कितीदा होतं. ते पुढे जातं. कधी दुरुस्त होतं. कधी शेरा येतो, 'माहीत आहे, आत्ता नको.' आणि तो गेम तसाच बाजारात जातो. मग पहिल्याच दिवशी कोणीतरी लिहितं, 'यांच्याकडे टेस्टर आहेत का आंधळे बसवलेत?'

तुम्हाला जे दिसतं ते आम्हाला सहा महिने आधी दिसलेलं असतं. हे सगळीकडे असंच आहे. त्यामुळे 'चेहरा प्लास्टिकचा वाटतो' म्हटलं तर खरंच कोणाला वाईट वाटत नाही. उलट एखादा लिहितो, 'अमुक ठिकाणी उजेड समोरून पडतो म्हणून नाक सपाट दिसतं,' तेव्हा कोणीतरी ती ओळ कापून मीटिंगमध्ये नेतं आणि म्हणतं, बघा, बाहेरचेही हेच सांगतायत. तुमचं ऐकलं जातं ते असं.

लागतं ते दुसरंच. २०२० ला सगळं जग घरून काम करत होतं. मी यावलला आईकडे होतो, वरच्या खोलीत, केळीच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत. दादांचा तो १ ते ४ चा मीम आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर आला. पुण्यातल्याच लोकांनी पाठवला, सगळे हसले, मीही हसलो. मग खालच्या कॉमेंट्सचे फोटो आले. 'आपल्या लोकांना जमणारच नाही.' त्यात तीन नावं मी लहानपणापासून ओळखतो. ज्यांनी मला पहिल्यांदा माऊस हातात धरायला दिला ती नावं.

मीम दादाने केलाय हे मी ऑफिसात कोणाला सांगितलं नाही.

---

तापीकाठचा | २७ जानेवारी, सकाळी ६:३०

हे परवा मळ्यात का नाही बोललास?

---

कोथरूडचा_खान्देशी | २७ जानेवारी, सकाळी ७:०५

वांगी गरम होती.

---

गिरणेचं_पाणी | २७ जानेवारी, सकाळी ९:१५

मामेभाऊ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. कामगाराबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते पटलं. 'आपल्या लोकांना जमणार नाही' ही टीका नाहीच, तो न्यूनगंड आहे, आणि तो आपण गेमच नाही, सगळ्याच बाबतीत वापरतो.

पण माझं पहिलं म्हणणं मागे घेत नाही. 'आत्ता नको' हा शेरा मारणारा कोण? त्याच्यावर मी ओरडणारच. फक्त तो ओरडा दार दोनशे वेळा उघडणाऱ्याच्या अंगावर पडू नये हे जमवायचं कसं, ते मला अजून सुचलेलं नाही. ट्रेलरखाली लिहिताना दोघं एकाच नावामागे उभे असतात.

---

लोकोशेड | २७ जानेवारी, सकाळी १०:००

रेल्वेतही असंच होतं. गाडी उशिरा आली की शिव्या खातो तिकीट तपासनीस. टाइमटेबल लावणाऱ्याचं तोंड कोणी पाहिलेलं नसतं.

अवांतर : केळीचं पान, बाळ, तू जुने खेळून ये म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नकोस. पण स्वतःला वाटलं म्हणून १९८९ चा एकदा खेळून बघ. ब्राउझरवरही चालतो. मेकनरने २०१२ मध्ये त्याचा मूळ सोर्स कोडही सगळ्यांसाठी खुला केला. इंजिनीअरिंगला आहेस तर ते जास्त आवडेल.

---

केळीचं_पान | २९ जानेवारी, रात्री १०:४०

काका, परवापासून तेच चाललंय. तिसऱ्या लेव्हलचा हाडांचा सापळा तलवारीने मरत नाही हे कळायला एक तास गेला. त्याला ढकलून खाली पाडायचं असतं हे कुठेच लिहिलेलं नाही! आठव्या लेव्हलला उंदीर आला तेव्हा होस्टेलमध्ये ओरडले.

आता बाराव्यावर आहे. ती सावली समोर आलीये. तलवार काढून वार केला तर तिच्याबरोबर माझंही रक्त कमी होतं. पॉज करून विचारतेय, नऊ मिनिटं उरलीत. काय करायचं?

---

डहाका_मागे_लागला | २९ जानेवारी, रात्री १०:४४

काका, सांगून टाका. नऊ अपग्रेडचं आम्हाला कोणी सांगितलं नाही, तो सल अजून आहे.

---

साक्रीना_भाऊ | २९ जानेवारी, रात्री १०:४६

सांगी टाका ना काका पोरीले. रात व्हयनी.

---

लोकोशेड | २९ जानेवारी, रात्री १०:५२

तिने अर्धं ओळखलंच आहे. तिचं रक्त का कमी होतंय हे तिला दिसलंय. पुढचं मी सांगणार नाही. मला चार रविवार लागले होते.

---

तापीकाठचा | २९ जानेवारी, रात्री १०:५८

१ तारखेला, रविवारी परत मळ्यात भरीत आहे. या वेळी भुसावळ, फैजपूर, यावल सगळ्यांना निमंत्रण. काका, येताना मुलालाही आणा. केळीचं पान, लॅपटॉप आण. मैत्रिणींना, घरच्यांना घेऊन ये. चाळीसगावकरांनी वाद घालायला यावं. आणि तो मीम मी काढलेला नाही, ठेवलाय. खालच्या माझ्या कॉमेंट्स काढल्या.

---

केळीचं_पान | २९ जानेवारी, रात्री ११:०९

वेळ संपली. एक मिनिट असताना सुचलं होतं, पण बोट चुकीच्या बटणावर गेलं.

परत पहिल्यापासून. काका, रविवारी याच तुम्ही.